फ्लॉपच्या आधी रेझ: कधी, कशासाठी आणि किती?

बदामराणी (धागाकर्ती)

आम्ही सातजण दर शनिवारी रात्री कोलशेतला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये टेक्सस होल्डेम पोकर खेळतो: हातात दोन पत्ते, मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच, आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एकेक. पैसे लावत नाही. प्रत्येकाला हजार चिप्स, ब्लाइंड (दोघांनी सक्तीने आधी टाकायच्या चिप्स) ५ आणि १०, आणि उठताना कोणापुढे किती उरल्या ते एका वहीत लिहून ठेवायचं. दीड वर्ष झालं. मला हा खेळ फार आवडतो आणि तो नीट शिकायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या शनिवारी मला एक्क्यांची जोडी आली, इस्पिक आणि बदाम. माझ्या आधी दोघांनी नुसता १० चा कॉल केला होता, म्हणजे तेवढेच भरले होते. मी विचार केला, आत्ता वाढवलं (रेझ केला) तर सगळे पत्ते टाकतील आणि एवढी सुंदर जोडी पस्तीस चिप्सवर संपेल. म्हणून मीही गुपचूप १० टाकले. स्मॉल ब्लाइंडवर माझा धाकटा दीर होता, त्याने उरलेले ५ भरले. बिग ब्लाइंडवर शेजारचे काका, त्यांनी टेबलावर बोटं टेकवून चेक केलं, म्हणजे काही न वाढवता खेळ पुढे जाऊ दिला. पाचजण, मध्ये ५० चिप्स.

फ्लॉप आला राणी, अठ्ठी, तिर्री. तिन्ही वेगळ्या रंगांचे. मी ३५ लावले, फक्त काका आले. पुढच्या पत्त्याला ८०, काका आले. शेवटच्या पत्त्याला मी १९० लावले, काकांनी ४८० केले. मला एक्के सोडवले नाहीत, भरले. काकांनी अठ्ठी-तिर्री उलटी केली, दोन जोड्या. माझ्या ६०५ चिप्स गेल्या.

मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "अगं, दहा चिप्स मागितल्या असत्यास तरी मी हे पत्ते खेळलो नसतो. मला फुकटात दिसले."

हे वाक्य आठवडाभर डोक्यात आहे. फुकटात दिसले. मीच दाखवले.

आमच्या घरात पत्ते म्हणजे मे महिन्यात मेंढीकोट, दिवाळीत तीन पत्ती. पोकर दिराने शिकवलं, पण "रेझ कधी करायचं" हे कोणी सांगितलं नाही. माझ्या टेबलावर फ्लॉपच्या आधी जवळजवळ कोणीच वाढवत नाही. सगळे म्हणतात, अजून पाच पत्ते यायचेत, आत्तापासून कशाला? मलाही तेच पटत होतं. आता पटत नाही, पण का ते मांडता येत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

तलावपाळी

ताई, मला तुमचं काही चुकलंय असं वाटत नाही. एक्क्यांची जोडी रोज येत नाही. ती आल्यावर सगळ्यांना हाकलून ३५ चिप्स खिशात घालण्यात काय अर्थ? काकांना नेमकी अठ्ठी-तिर्री लागली, हे नशीब. पुढच्या वेळी नाही लागणार.

पामबीच

तलावपाळी, आदर ठेवून असहमत. नशीब होतंच, पण त्या नशिबाला दार उघडून दिलं ते फ्लॉपच्या आधी.

ताईंनी आकडे इतके नीट दिलेत की तेच घेतो. त्या हरल्या तेव्हा ६०५ गेल्या. आता उलटं बघा. समजा काकांकडे अठ्ठी-तिर्री नसून राणी-गुलाम असते, म्हणजे राणीची जोडी लागली असती. तेव्हा काकांनी हेच ३५, ८०, १९० भरले असते आणि शेवटी वाढवलं नसतं. ताईंना मिळाले असते काकांचे ३१५ आणि बाकी तिघांचे ३०. जिंकल्यावर ३४५, हरल्यावर ६०५. सगळ्यात भारी पत्त्यांना असा सौदा का मिळावा? कारण पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) सुरुवातीला ५० चा होता. दर वेळी पॉटच्या दोन तृतीयांश लावत गेलं तरी ५० पासून निघून हजारापर्यंत पोचता येत नाही.

आता तेच पत्ते, पण आधी ५० चा रेझ. ब्लाइंड गेले, आधीचे दोघे आले. पॉट १६५. एकाकडे राणी-गुलाम. फ्लॉपला ११०, तो आला, पॉट ३८५. पुढे २६०, तो आला, पॉट ९०५. आता ताईंच्या पुढे ५८० उरल्या आहेत आणि पॉट त्याहून मोठा आहे, म्हणजे उरलेलं सगळं लावणं अगदी स्वाभाविक. तेच पत्ते, तीच दोन तृतीयांशाची सवय, आणि ३१५ च्या जागी हजार. फरक फक्त पहिल्या चाळीस चिप्सचा.

म्हणून "अजून पाच पत्ते यायचेत, आत्ताच कशाला" याचं माझं उत्तर असं: पॉट शेवटी किती मोठा होणार हे पहिल्या फेरीतच ठरतं. शेतात बी किती पेरलं यावर पीक ठरतं, कापणीला जाऊन वाढवता येत नाही.

आणि काकांचं वाक्य. त्यांच्याकडून अजून चाळीस मागितल्या असत्या तर अठ्ठी-तिर्री फ्लॉपला पोचलीच नसती. बिग ब्लाइंडवरचा माणूस काहीही घेऊन बसलेला असतो, त्याला आत सोडलं तर त्याच्याकडे काय आहे याचा अंदाजच करता येत नाही. राणी-अठ्ठी-तिर्रीवर ताईंना दोन जोड्यांची शंका आली नाही ती याचमुळे. रेझ भरून आलेल्या माणसाकडे अठ्ठी-तिर्री सहसा नसते.

तलावपाळी

हिशोब पटला. पण मग हेही सांगा: रेझ माणसं कमी करायला करायचा की पॉट वाढवायला? दोन्ही एकदम कसं?

पामबीच

हा खरा प्रश्न आहे आणि यावर बरेच जण वर्षानुवर्षं अडकतात. मीही अडकलो होतो.

एक्क्यांची जोडी एका अनोळखी हँडविरुद्ध (हातातल्या दोन पत्त्यांविरुद्ध) शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते. दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६. हे बघून लोक म्हणतात, बघा, गर्दी वाढली की एक्के मरतात, म्हणून गर्दी हटवा. पण नीट बघा. चौघांनी प्रत्येकी ५० भरले तर पॉटमध्ये तुमचा वाटा पाचातला एक, आणि जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. अशी गर्दी हवीच! एक्क्यांनी रेझ करताना कोणी आलं तर आनंद मानायचा. गर्दीचं दुःख नाही, फुकट आलेल्या गर्दीचं दुःख आहे.

राजांच्या जोडीचंही तेच. पण एक्का-राजा, गुलामांची जोडी, दश्शांची जोडी यांचं जरा वेगळं. एक्का-राजा दिसायला राजेशाही, पण फ्लॉपला त्यातलं काही जुळतं ते तीनातून एकदाच. हे पत्ते दोघांविरुद्ध उत्तम, पाचजणांविरुद्ध साधारण. तिथे रेझ केल्यावर दोघे-तिघे गेले तर चांगलंच.

आणि बटणावरून (वाटणाऱ्याच्या जागेवरून) सत्ती-अठ्ठी दोन्ही किलवरची घेऊन रेझ केला तर मनात इच्छा एकच असते, की सगळ्यांनी टाकावे.

म्हणजे रेझ एकच, पण हेतू तीन. चिप्स मध्ये ढकलायच्या आधी स्वतःला विचारावं: आत्ता कोणी कॉल केला तर मला बरं वाटेल की वाईट? याचं उत्तर नसेल तर तो रेझ नुसत्या उत्साहाचा आहे.

खारघरची टेकडी

खूप छान चर्चा. मी अगदी नवीन आहे. बटणाचा उल्लेख सारखा येतो. बटण म्हणजे वाटणाऱ्याची जागा एवढं कळतं, पण तिथून रेझ करणं आणि पहिल्या खुर्चीवरून करणं यात इतका फरक का? पत्ते तर तेच.

कोपरीकर मास्तर

टेकडी, मी निवृत्त गणित शिक्षक. हा प्रश्न माझ्या आवडीचा.

सातजणांच्या टेबलावर पहिल्या खुर्चीवरून, म्हणजे बिग ब्लाइंडच्या लगेच पुढच्या जागेवरून, तुम्ही रेझ केला की तुमच्या मागे सहाजण बोलायचे बाकी आहेत. त्यांतल्या कुणाकडे तुमच्याहून चांगले पत्ते असण्याची शक्यता सहा वेळा तपासली जाणार. बटणावरून, आधी सगळ्यांनी टाकले असतील, तर मागे दोघेच, दोन्ही ब्लाइंड. शिवाय फ्लॉपनंतर बटणवाला प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. समोरच्याने चेक केलं की बेट केलं (चिप्स लावल्या) हे बघून मग निर्णय. परीक्षेत दुसऱ्याचा पेपर बघून लिहायला मिळाल्यासारखं, फक्त इथे ते नियमात बसतं.

आता मोजू. ५२ पत्त्यांतून दोन काढायचे प्रकार १,३२६. रंगांचा फरक फक्त एकसारखे की वेगळे एवढाच धरला तर १६९ प्रकारच्या हँड. कुठलीही ठरावीक जोडी ६ प्रकारे येते. एक्का-राजा १६ प्रकारे: ४ सूटेड (दोन्ही एकाच रंगाचे), १२ वेगळ्या रंगांचे.

पहिल्या खुर्चीसाठी मी एक साधी यादी करतो. छक्कीपासून वरच्या नऊ जोड्या, ९ × ६ = ५४. सूटेड एक्क्याबरोबर दश्शी, गुलाम, राणी, राजा, असे १६. वेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम, एक्का-राणी, एक्का-राजा, असे ३६. राजापासून दश्शीपर्यंतच्या चार पत्त्यांतले कुठलेही दोन सूटेड, २४. वेगळ्या रंगांचे राजा-राणी, १२. एकूण १४२. म्हणजे १,३२६ पैकी १४२, साधारण नऊ-दहा डावांतून एकदा. बाकी सगळे टाका. एक्का-नव्वी वेगळ्या रंगांची घेऊन पहिल्या खुर्चीवरून आलात तर जो कॉल करेल त्याच्याकडे बहुधा मोठा जोडीदार असलेला एक्का असतो आणि एक्का लागूनही तुम्ही हरता.

बटणावर हीच यादी तिपटी-चौपटीने वाढवली तरी चालते. सगळ्या जोड्या, जवळजवळ सगळे एक्के, कुठलीही दोन चित्रं, लागोपाठचे सूटेड पत्ते. कारण तिथे पत्ते न दाखवताही जिंकता येतं. बटणावरून २५ लावले, मध्ये ब्लाइंडचे १५ आहेत. १५ मिळवायला २५ पणाला. ते दोघे आठपैकी पाच वेळा टाकत असतील तर पत्त्यांकडे न बघताही बरोबरी झाली. आणि कॉल आला तरी खेळ संपत नाही, फ्लॉप आपल्यालाही लागतोच की. त्यामुळे खरी गरज त्याहून कमी.

तलावपाळी

मास्तर, तुमच्या गणितात माणसं पत्ते टाकतात. आमच्या नौपाड्याच्या टेबलावर कोणी टाकत नाही! ३० करा, ५० करा, "बघू तरी" म्हणत सगळे येतात. मग बटणावरच्या सत्ती-अठ्ठीचं काय करायचं?

पामबीच

टाकायची. किंवा आधी तिघांनी नुसता कॉल केला असेल तर आपणही १० भरून बघायची.

जे टेबल टाकत नाही त्या टेबलावर टाकायला लावण्यासाठी रेझ करू नये. तिथे दुसरं करायचं: चांगले पत्ते आले की जास्त मागायचं. सामान्य पद्धत अशी की आधी कोणी आलं नसेल तर बिग ब्लाइंडच्या अडीच-तीन पट, आणि आधी जितक्यांनी नुसता कॉल केला असेल तितके बिग ब्लाइंड वर. ५-१० च्या खेळात दोघे आधी आलेत तर ३० + १० + १० = ५०. पण तुमचं टेबल ५० ला पाचजण येत असेल तर ७० मागा. ७० लाही येतात? ८० मागा. ज्या किमतीला एक-दोघेच आत राहतात ती किंमत त्या टेबलाची. ती टेबलागणिक वेगळी असते आणि ती शोधणं हेच काम.

"बघू तरी"बद्दल माझं एक निरीक्षण आहे. ही सवय तीन पत्तीतून आली आहे असं मला मनापासून वाटतं. तीन पत्तीत सगळे बूट (सुरुवातीची ठरलेली रक्कम) टाकतात आणि तिन्ही पत्ते एकदम मिळतात. पत्ते न बघता खेळणाऱ्याला सवलत असते, बघून खेळणाऱ्याला दुप्पट चाल द्यावी लागते. म्हणजे डावात टिकून राहणं स्वस्त, आणि टिकण्यालाच तिथे बहादुरी मानतात. पोकरमध्ये ब्लाइंड शब्द तोच, पण अर्थ वेगळा. तो दोघांनी सक्तीने टाकायचा पैसा आहे, त्यात सवलत कसली नाही. आणि फ्लॉप "बघायला" बूट नाही, किंमत आहे. ती किंमत कोणीतरी लावायची असते. कोणीच लावली नाही तर बिग ब्लाइंडसाठी ती शून्य.

येऊर

मी छोट्या जोड्यांबद्दल बोलतो. दुर्री ते पंजीच्या जोडीला वरच्या बऱ्याच चर्चेत जागाच नाही. आधी दोघांनी १० भरले आहेत, माझ्याकडे चौक्यांची जोडी. मी रेझ का करावा? मला तिसरी चौकी हवी. ती फ्लॉपला साधारण साडेआठ वेळांतून एकदा येते. न आल्यास १० सोडून द्यायचे, आल्यास समोरच्याच्या हजार चिप्स डोळ्यांसमोर. इथे नुसता कॉल हाच बरोबर खेळ, असं माझं ठाम मत.

पामबीच

मान्य, पण एका अटीवर: आधी कोणीतरी आलेलं असताना. सगळ्यांनी टाकले आहेत आणि पहिला आत शिरणारा मीच असेन, तर चौक्यांची जोडीसुद्धा मी रेझ करेन किंवा टाकेन, नुसता कॉल नाही. नुसता कॉल केला की जिंकायचा एकच रस्ता उरतो, चांगला फ्लॉप. रेझ केला की दोन: चांगला फ्लॉप, किंवा समोरच्याला काही न लागणं. आणि दोन वेगवेगळ्या पत्त्यांना तीनपैकी दोन फ्लॉपवर काहीच लागत नाही. ज्याने आधी रेझ केला आहे त्याने अशा वेळी पुन्हा बेट केली की समोरचा विचारात पडतो, खरंच काही असेल याच्याकडे. नुसता कॉल करून आलेल्याच्या बेटला ते वजन नसतं.

येऊर

पहिल्याने आत शिरायचं तर रेझ किंवा फोल्ड. हे लिहून ठेवतो. मागून येणाऱ्या कॉलचं माझं मत मात्र कायम.

खारघरची टेकडी

वाचनखूण साठवली आहे. मला सरावासाठी ऑनलाइन थोडे पैसे लावून खेळावं का? आणि दुसरं, आमच्या घरी कोणीतरी म्हणतं की दश्शी-दुर्रीने जगज्जेतेपद जिंकलंय, मग हे सगळं पत्ते निवडणं कशाला?

येऊर

पैसे लावून नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हापासून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद आहेत. फुकट चिप्सच्या ॲपवर बटणं, क्रम, पॉट मोजणं शिकता येईल, पण रेझ शिकता येणार नाही. चिप्स फुकट असल्या की माणूस पत्ते टाकतच नाही. त्यापेक्षा बदामराणींसारखी वही ठेवा. वहीत नाव लागणार म्हटलं की माणूस जपून खेळतो.

दश्शी-दुर्रीचं खरं आहे. डॉइल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ अशा दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव याच पत्त्यांवर जिंकला. दोन्ही वेळा फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी). आजही त्या पत्त्यांना त्यांचं नाव आहे. पण शेवटच्या डावात टेबलावर दोघेच उरलेले असतात. दोघांत कुठलाही पत्ता बराच मोठा होतो. सातजणांत दश्शी-दुर्री म्हणजे काकांची अठ्ठी-तिर्रीच.

कोपरीकर मास्तर

यालाच जोडून. काही लोक दुसऱ्या टोकाला जातात, फक्त एक्के-राजे आल्यावरच रेझ करतात. त्याचाही हिशोब करून बघा. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून एकदा येते. सातजणांत एका फेरीला तुमचे ५ आणि १० असे १५ ब्लाइंडमध्ये जातात. २२१ डाव म्हणजे साडेएकतीस फेऱ्या, म्हणजे सुमारे ४७० चिप्स. एक्क्यांची वाट बघत बसलात तर ते येईपर्यंत निम्मा ढीग संपलेला. आणि ते आल्यावर तुम्ही रेझ कराल तेव्हा टेबलावरचं प्रत्येक माणूस ओळखेल.

पामबीच

मास्तरांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याचा दुसरा भाग: रेझची रक्कम पत्त्यांप्रमाणे बदलू नका. एक्क्यांना ८० आणि सत्ती-अठ्ठीला ३० असं दोन शनिवार केलंत की तिसऱ्या शनिवारी तुमचे पत्ते उघडेच आहेत. खुर्चीप्रमाणे बदला, आधी किती लोक आलेत त्याप्रमाणे बदला, टेबलाच्या भुकेप्रमाणे बदला. पत्त्यांप्रमाणे नाही.

बदामराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं, मास्तरांची १४२ ची यादी एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवली. काल शनिवार झाला.

घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची गर्दी आणि वर पाऊस, त्यामुळे दोघे उशिरा आले, साडेनऊला बसलो.

पहिलाच रेझ बटणावरून. राजा-दश्शी किलवरची. माझ्या आधी सगळ्यांनी टाकले होते. मी ३० लावले, दोन्ही ब्लाइंडनी टाकले. १५ चिप्स मिळाल्या. दीड वर्षात फ्लॉप न बघता डाव जिंकण्याची ही पहिली वेळ. हात चक्क थरथरत होते.

मग राजांची जोडी. दोघे आधी १० भरून आलेले, मी ५० केले. काका बिग ब्लाइंडवर. पत्त्यांकडे पाहिलं, "चाळीस अजून?" म्हणाले आणि टाकले. त्या क्षणी मला या धाग्यातलं सगळं एकदम कळलं. आधीचे दोघे आले, त्यात दीर. फ्लॉप नव्वी, छक्की, दुर्री. मी ११०, तो आला. पुढे २६०, तो आला. शेवटी सगळं, तो आला. एक्का-नव्वी होती त्याच्याकडे. पामबीच, तुमचे आकडे अगदी तसेच पडले. एक गोष्ट लक्षात आली, त्याला नेरुळला परत जायचं असतं आणि शेवटच्या ट्रान्स-हार्बर गाडीची वेळ जवळ आली की तो कशालाही कॉल करतो. अकरानंतर त्याच्याविरुद्ध चांगल्या पत्त्यांवर जास्त मागायचं आणि हूल द्यायची नाही, हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय.

एक्का-राजा दोनदा आले, दोनदा रेझ केला, दोनदा काही लागलं नाही. एकदा फ्लॉपवर बेट करून जिंकले, एकदा सोडून दिले.

आणि आता ज्यासाठी परत लिहितेय ते. रात्री उशिरा काकांनी रेझ केला! दीड वर्षात मी काकांना फ्लॉपच्या आधी वाढवताना पाहिलं नव्हतं. ३० केले. माझ्याकडे एक्का-राणी, वेगळ्या रंगांचे. कागदावरच्या यादीत आहेत म्हणून मी कॉल केला. फ्लॉप एक्का, नव्वी, चौकी. शेवटपर्यंत भरत गेले. काकांकडे एक्का-राजा. तीनशेच्या वर गेल्या. म्हणाले, "तूच मला चाळीस मागितल्यास ना, म्हटलं आपणही मागून बघू." खूप आनंदात होते, आणि मलाही बरं वाटलं. पण माझं कुठे चुकलं?

कोपरीकर मास्तर

ती यादी पहिल्याने आत शिरण्यासाठी होती. दुसऱ्याच्या रेझला कॉल करायला त्याहून चांगले पत्ते लागतात, कारण त्याने त्याची चाळणी आधीच लावलेली असते.

मोजून बघा. काका दीड वर्षात एकदा रेझ करतात, म्हणजे समजू की त्यांच्याकडे एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी किंवा एक्का-राजा. तुमच्या हातात एक एक्का आणि एक राणी आहे, ते वजा करा. एक्क्यांची जोडी उरली ३ प्रकारे, राण्यांची ३ प्रकारे, राजांची पूर्ण ६, एक्का-राजा तीन एक्के गुणिले चार राजे, १२. एकूण २४. या चोवीसपैकी एकाही ठिकाणी तुम्ही सुरुवातीला पुढे नाही. आणि त्यांतल्या पंधरांत, म्हणजे काकांकडे एक्का-राजा किंवा एक्क्यांची जोडी असेल तर, फ्लॉपला एक्का येणं हे तुमचं नुकसानच.

पामबीच

ताई, काका कुठल्या खुर्चीवर होते?

बदामराणी

पहिल्या. सहाजण मागे.

पामबीच

मग टाकायचे. विचार न करता.

बदामराणी

आणि ते बटणावर असते, मी बिग ब्लाइंडवर?

पामबीच

तर कहाणी वेगळी. बटणावरून माणूस बरंच काही घेऊन रेझ करतो आणि त्यातल्या बहुतेकांच्या तुमची एक्का-राणी पुढे असते. तिथे त्यांच्या ३० वर मी ११०-१२० करेन. फ्लॉपनंतर आपल्याला आधी बोलावं लागणार, म्हणून तिपटीपेक्षा थोडं जास्त.

पण हे काकांवर लगेच करू नका. ते कालच रेझ करायला लागलेत. बटणावरून ते काय काय घेऊन येतात, ते पत्ते दिसतील तेव्हा तेव्हा वहीच्या त्याच मागच्या पानावर लिहीत जा. तीन-चार शनिवारांनी तुमच्याकडे काकांची स्वतःची यादी तयार असेल.